थोरला धाकटीला मारतो तेव्हा

"मॅडम, याला सख्खी बहीण नकोशी झालीय का हो?" पारोळ्याहून एसटीने दोन्ही लेकरांना घेऊन जळगावला माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या ताईंनी टेकायच्या आधीच विचारलं. मुलगा साडेपाच वर्षांचा, मुलगी दीडची. तो तिला ढकलतो, चिमटे काढतो. त्यात दोन वर्षं कोरडा उठणारा मुलगा महिनाभरापासून अंथरूण ओलं करायला लागलेला.

आमचं बोलणं चाललेलं असताना त्याने हळूच बहिणीची दुधाची बाटली उचलली आणि आईकडे बघत तोंडात धरली. ताईंनी ती झटकन ओढून घेतली. "लाज वाटत नाही? मोठा झालास ना आता!"

हे वाक्य तो दिवसातून किती वेळा ऐकतो, मी विचारलं. त्या जरा थांबल्या, मग बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, किस्सा निघाला. अंगणात साडीवर बिबड्या वाळत घातलेल्या, राखणीला हा. धाकटी दुडुदुडु गेली आणि ओल्या बिबड्यांवर तिची इवली पावलं उमटली. आजी धावत आली ती याच्यावरच. "तू मोठा शे ना!" पाठीत धपाटाही बसला. संध्याकाळी त्याने बहिणीला ढकललं.

मला हे पोर दुष्ट वाटलं नाही. दीड वर्षाच्या मुलीला 'माझं-तुझं' कळत नाही, म्हणून तिला माफी आहे आणि ती असायलाच हवी. पण साडेपाच म्हणजे काही मोठं वय नव्हे! राग आला की हात आवरणं त्या वयात नुकतं कुठे जमायला लागतं. बाटली तोंडात धरून तो एवढंच विचारत होता, मलाही थोडं लहान राहू द्याल का?

लघवीचं आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्यायला सांगितलं. तपासणीत काही निघालं नाही. राखणीचं काम बंद. त्याचे रंग, गाड्या धाकटीचा हात पोचणार नाही अशा फळीवर. रोज रात्री जेवणं झाली की वडील धाकटीला ओट्यावर खेळवतील आणि ती पंधरा मिनिटं आई फक्त त्याची, मोबाइलसुद्धा लांब. त्याने हात उगारला तर तो धरायचा आणि म्हणायचं, "राग आलाय, कळतंय. पण मारू देणार नाही." मग लागलेल्या मुलीला जवळ घ्यायचं. व्याख्यान नाही, जबरदस्तीचं 'सॉरी' नाही. बाटली मागितली तर द्यायची. ताईंना हे शेवटचं अजिबात पटलं नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाऊन आल्यावर त्या पुन्हा आल्या. बाटली त्याने चार दिवस मागितली आणि मग विसरला. अंथरूण दोनदाच ओलं झालं. मारणं अजून होतं, आठवड्यातून एखाद-दोनदा. मात्र रात्री वडिलांनी ताट सारलं की तो स्वतःच बहिणीच्या चपला त्यांच्यापुढे आणून ठेवतो.

जूनमध्ये त्याची पहिली सुरू होईल, तेव्हा एकदा येऊन जा, असं मी ताईंना सांगितलंय.