खव्याच्या भट्टीला ब्रिकेट, गॅसिफायर की गोबरगॅस? आधी जाळ मोजा

ताई, तुमचा प्रश्न परवाच वाचला होता, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखा नव्हता म्हणून आज नीट बसून लिहितोय. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ताईंची भूम भागात खव्याची भट्टी आहे, रोज २०० लिटर म्हशीचं दूध आटवतात, दिवसाला दोन क्विंटल बाभळीचं लाकूड जातं आणि आता लाकूड मिळेनासं झालंय. एक जण गॅसिफायर (लाकडाचा गॅस करून तो जाळायचं यंत्र) घ्या म्हणून मागे लागलाय, कोणी ब्रिकेट (भुसा-टरफलं दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) सांगतंय, दीर म्हणतात घरची चार जनावरं आहेत तर गोबरगॅसवरच भट्टी चालवू. आणि सासूबाई अजून चुलीवरच भाकरी करतात, त्यांना खोकला आहे, त्याचंही काहीतरी सुचवा म्हणालात.

मी गेली बावीस वर्षं बॉयलर आणि भट्ट्यांच्या कामात आहे, त्यातली निम्मी बायोमासवरच, म्हणजे लाकूड-भुशासारख्या जळणावरच गेली. माझं एकच म्हणणं आहे, मशीन सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं की तुम्हाला उष्णता लागते किती आणि सध्या वाया जाते किती.

चला हिशोबच मांडू. २०० लिटर दुधाचा साधारण ४० किलो खवा पडतो, म्हणजे १६० किलो पाणी वाफ करून उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी, म्हणजे ८६ हजार, आणि दूध गार असतं ते उकळीपर्यंत आणायला अजून १३ हजार. एकूण एक लाख किलोकॅलरी धरा. वाळलेल्या बाभळीत किलोला साधारण ३५०० असतात, म्हणजे एकही कॅलरी वाया गेली नाही तर हे काम २८-२९ किलो लाकडात व्हायला पाहिजे. तुम्ही जाळताय २०० किलो. म्हणजे सात ओंडके टाकता त्यातला एक दुधाला लागतो आणि बाकीचे सहा धुराड्यातून, भट्टीच्या तोंडातून आणि भिंतीतून जातात. यात तुमची काही चूक नाही, साध्या उघड्या भट्टीचं सगळीकडे असंच असतं. पण पैसा कुठे आहे ते यातून कळतं, तो त्या सहा ओंडक्यांत आहे. लाकडाऐवजी ब्रिकेट टाकली तरी भट्टी तीच राहिली तर सातातले सहा ब्रिकेटचे जातील, आणि त्या विकतच्या असतात.

यावर आपल्याकडे फार चांगलं काम झालंय आणि ते लोकांपर्यंत पोचत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. आयआयटी मुंबईच्या लोकांनी चार काहिलींच्या गुऱ्हाळावर मोजमाप केलं, २०१० च्या सुमाराला ते छापून आलं. त्यांना दिसलं की चिपाडातून जेवढी उष्णता निघते त्यातली २९ टक्केच गुळाला खरोखर लागते, बाकी मुख्यतः धुराबरोबर आणि भिंतीतून जाते. मग त्यांनी चुलवाणाला जाळ घालायची पद्धत बदलली, धुरातला ऑक्सिजन मोजायचा आणि त्या अंदाजाने चिपाड घालायचं. एक किलो गुळाला आधी २.३९ किलो चिपाड लागायचं ते १.७३ वर आलं. चौथ्या हिश्शापेक्षा जास्त बचत, आणि ती नुसती जाळ कसा घालायचा याच्यातून! गुऱ्हाळ आणि खव्याची भट्टी यांचं काम एकच आहे, उघड्या भांड्यात पाणी आटवायचं, त्यामुळे हे तुम्हाला जसंच्या तसं लागू आहे.

तुमच्याकडे ऑक्सिजन मोजायचं यंत्र नसणार, त्याची गरजही नाही, धुराड्याच्या तोंडाकडे बघा. लाकूड म्हणजे ७५-८० टक्के नुसता जळणारा वायू असतो, तापलं की तो बाहेर येतो आणि भट्टीत सरपण ज्यावर ठेवतात त्या जाळीच्या वर ज्वाळा होऊन जळतो. गडी एकदम वीस किलो ओंडके कोंबून चहाला गेला की तो सगळा वायू एकदम निघतो, तेवढी हवा तिथे नसते, आणि काळा धूर सुटतो. तो धूर म्हणजे न जळलेलं लाकूड आहे. मग वीस मिनिटांनी उलटं होतं, निखारे उरतात, तोंड उघडं असतं आणि गार हवा नुसती कढईखालून फिरून उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाते. म्हणून थोडं थोडं घालायचं, पाच-सात मिनिटांनी दोन-तीन किलो, मनगटाएवढ्या जाडीचे तुकडे करून, आणि घातलं की तोंडाला पत्र्याचं झाकण. हवा खालून जाळीतून आली पाहिजे. धुराड्यात झडप बसवा, जाळ नसेल तेव्हा अर्धी बंद.

ओल्या लाकडाचं तर विचारूच नका. ताजं तोडलेलं बाभूळ निम्मं पाणीच असतं, किलोमागे हाताला जेमतेम दोन हजार किलोकॅलरी लागतात आणि जाळ गार पडतो तो वेगळाच. घरी तपासायला सोपं आहे: एक किलो ढलप्या काढा, पत्र्याच्या ट्रेमधे भट्टीच्या गरम कट्ट्यावर ठेवा, रोज वजन करा, वजन उतरायचं थांबलं की थांबा. ७०० ग्रॅम उरल्या तर ३०० ग्रॅम पाणी तुम्ही लाकडाच्या भावाने घेतलं होतं. कोणाही विक्रेत्याशी बोलायच्या आधी हे करा, ब्रिकेटचंसुद्धा करा. चांगल्या ब्रिकेटमधे दहा टक्क्यांच्या आसपासच ओल असते.

आता गॅसिफायर. तो काय करतो तर कमी हवेत लाकूड अर्धवट जाळून त्याचा गॅस करतो, कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोजन, थोडा मिथेन आणि निम्मा निरुपयोगी नायट्रोजन. तो गॅस बर्नरवर निळसर जळतो, धूर नाही, जाळ पाहिजे तेवढा कमी-जास्त. चांगली गोष्ट आहे, मी विरोधात नाही. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे यावर कित्येक वर्षं काम चाललंय, गुजरातमधे वल्लभ विद्यानगरला सरदार पटेल यांच्या नावाची अक्षय ऊर्जा संशोधन संस्था १९७९ पासून आहे, तिथेही घरगुती चुलींपासून कारखान्याच्या गॅसिफायरपर्यंत सगळं करतात. पण हिशोब बघा. गॅसिफायर लाकडातली ७५ टक्के उष्णता गॅसमधे देतो, बर्नरवरून कढईत पोचते त्यातली ४५-५० टक्के, म्हणजे हातात ३५ टक्के. नीट बांधलेली जाळीची, झाकणाची, इन्सुलेशनची भट्टीही २५-३० पर्यंत जाते, आणि मागे धुराच्या वाटेवर दुसरं भांडं ठेवलं तर त्याच्याही पुढे. एका कढईसाठी एवढ्या फरकाला लाखांत पैसे घालायचे का ते तुम्ही ठरवा. जाळावर ताबा राहतो, खवा तळाला लागत नाही, रंग सारखा येतो, हे फायदे खरे आहेत आणि तुमचा माल पेढेवाल्यांकडे जात असेल तर त्याची किंमत तुम्हालाच जास्त माहीत.

फक्त एक गोष्ट त्या विक्रेत्याकडून लिहून घ्या, की तुमच्याकडे जो माल आहे त्यावर हे मशीन चालेल. साधारण बारा वर्षांपूर्वी एका फरसाणच्या कारखान्यात आम्ही लाकडाचा गॅसिफायर बसवला, खरेदीच्या कागदावर माझीही सही होती. दोन महिन्यांनी लाकूड महागलं म्हणून मालकांनी सोयाबीनचं भुसकट घालायला सुरुवात केली. हलका माल, तो खाली उतरेचना, वर कमान धरून बसायचा आणि खाली पोकळी. गॅस पातळ व्हायचा, बर्नर विझायचा, ऑपरेटर झाकण उघडून सळईने ढोसायचा. एक दिवस तो पोरगा तिथेच चक्कर येऊन खाली बसला. कार्बन मोनॉक्साईड विषारी, आणि त्याला वास नसतो. बाहेर मोकळ्यात नेल्यावर सावरला, पण त्या दिवसापासून मी आधी गोदामातला माल बघतो आणि मग मशीनचं बोलतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचं पाचट आणि बगॅस (चिपाड) यांच्यासाठी वेगळ्या रचनेचा गॅसिफायर केला तो याच कारणाने, लाकडाच्या गॅसिफायरमधे पाचट चालत नाही. घ्यायचाच असेल तर दोन-पाच सेंटीमीटरचे तुकडे, ओल २० टक्क्यांच्या आत, आणि शेड तिन्ही बाजूंनी उघडी. बंद खोलीत कोणी फुकट बसवून दिला तरी नको.

ब्रिकेटबद्दल म्हणाल तर तुमच्या भागात मी आधी तुराट्यांकडे बघेन. तूर तुमच्याकडे भरपूर, राख कमी, वाळलेल्या तुराटीची उष्णता बाभळीच्या जवळपास. मोळ्या बांधून शेडमधे ठेवा, फूटभराचे तुकडे करा, वर सांगितलं तसं थोडं थोडं घाला. ब्रिकेट कशाची आहे ते विचारा, भुईमूग टरफल किंवा लाकडाच्या भुश्श्याची असेल तर चांगली. भाताच्या तुसाची असेल तर पाचवा हिस्सा राखच निघते. आणि पाचट किंवा काडाची असेल तर राखेत पोटॅश जास्त, ती वितळून जाळीवर काचेसारखे खंगर धरतात आणि हवा बंद. नमुन्याला दहा किलो आणून जाळा आणि दुसऱ्या दिवशी राख बोटांनी चोळून बघा, पिठासारखी मऊ लागली तर घ्या, खडे लागले तर सोडा. पावसाळ्यात ब्रिकेट जमिनीवर ठेवू नका, पाणी लागलं की फुगून भुसा होतो.

दीरांच्या गोबरगॅसचं उत्तर आकडाच देतो. एक घनमीटर गोबरगॅसमधे ४८०० किलोकॅलरी धरा, बर्नर ५५ टक्के, तर भट्टीला रोज ३८ घनमीटर लागेल. पंचवीस किलो शेणाला एक घनमीटर, म्हणजे साडेनऊशे किलो शेण रोज. चार म्हशी देणार ५०-६० किलो. त्यामुळे भट्टी त्यावर नाही चालणार. पण घर चालेल, आणि छान चालेल! पन्नास किलो शेणात दोन घनमीटर, पाच-सहा माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो, गॅसच्या हिशोबात रोजचा पाऊण किलोच्या वर एलपीजी. दीनबंधू पद्धतीचा बांधा, १९८४ पासूनचा आहे, जमिनीखाली घुमट, गंजायला लोखंडी टाकी नाही. घुमटाचं प्लास्टर मात्र ज्याने आधी पाच-दहा बांधलेत अशाच गवंड्याकडून, बारीक तडा गेला तरी गॅस टिकत नाही. शेण आणि पाणी सारखं कालवून रोज घालायचं, एक दिवसाआड नाही. कढई खरवडून धुतलेलं पहिलं पाणी, ज्यात दुधाचा अंश असतो, ते त्यात जाऊ दे, पण सोडा-साबणाचं पाणी अजिबात नको, आतले जिवाणू मरतात. थंडीत गॅस कमी पडेल, त्यासाठी सिलेंडर असू द्या. शेगडी गोबरगॅसचीच घ्या, एलपीजीच्या शेगडीची भोकं बारीक असतात.

सासूबाईंचं मात्र जरा हळू घ्या. १९८३ पासून सरकारने देशभर निर्धूर चुली वाटल्या, आमच्या घरीही होती. दोन वर्षांत धुराडं काजळीने बुजलं, साफ कसं करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि आई परत फुंकणी घेऊन जुन्या चुलीपुढे बसली. भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांपुढे उभी करून फुगवायची असते आणि बऱ्याच नव्या चुलींना ती जागाच नसते. बारीक पंख्याने हवा देणाऱ्या चुली सरपणातली उष्णता कामी लावण्यात फार पुढे आहेत, साधी चूल दहा टक्के तर या ३५ च्या वर, पण वरून सरपण घालायच्या, तिथे निखारा पुढे येत नाही. गोबरगॅसच्या ज्वाळेवर भाकरी थेट फुगते, म्हणून मी म्हणेन आधी तो करा आणि पहिली भाकरी त्यांनाच करू द्या. तोपर्यंत चुलीवर पत्र्याचं धुराडं आणि महिन्यातून एकदा काठीला पोतं बांधून ते झाडायचं.

भट्टी सोलरवर, म्हणजे उन्हाच्या उष्णतेवर चालवा असं कोणीतरी खाली लिहिलंय म्हणून तेवढं. लातूरच्या डेअरीत आयआयटी मुंबईच्या मदतीने विकसित केलेली १६० चौरस मीटरची आरशांची मोठी तबकडी बसवली होती, दूध पाश्चराईज करायला. तिथे दूध सत्तर-पंचाहत्तर अंशांपर्यंत तापवायचं असतं. तुमचं ८६ टक्के काम वाफ करण्याचं, त्याला माझ्या अंदाजाने पन्नासेक चौरस मीटर आरसे लागतील, आणि संध्याकाळच्या दुधाचं काय? कॅन आणि कढया धुवायला गरम पाण्याचा साधा सोलर हीटर घ्या, त्यासाठी लाकूड जाळणं बंद होईल.

आणि कोणी वेल्डरने वाफेची टाकी बनवून देतो म्हणाला, डबल भिंतीची कढई वाफेवर चालवा म्हणाला, तर थांबा. वाफेचा बॉयलर प्रमाणित पाहिजे आणि बॉयलर खात्याचे नियम लागतात, गावठी टाकीत वाफ कोंडू नका.

आता असं करा, पुढचे सात दिवस काहीही विकत न घेता जाळायचं लाकूड काट्यावर मोजून लिहा, दूध किती आणि खवा किती तेही. पहिले तीन दिवस नेहमीसारखं, नंतरचे चार दिवस तुकडे करून, थोडं थोडं, तोंडाला झाकण लावून. आकडे आणि भट्टीचे दोन फोटो, एक तोंडाचा आणि एक धुराडं जिथून निघतं तिथला, इथेच टाका. जाळी आणि मागच्या दुसऱ्या भांड्याची मापं मी त्यावरून काढून देतो.