साताऱ्यात मुलांसाठी कास, हादगा, कोजागिरी: आधी अर्जाची पोच हातात घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि मी तीन वर्षं मागे गेले. नव्यानेच साताऱ्यात राहायला आलात, सहा वर्षांची मुलगी, सोबत सासूबाई. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना घेऊन कुठे जावं हा एक प्रश्न. कॉलनीत हादगा, म्हणजे भोंडला, आणि कोजागिरी सुरू करायची आहे, पण मैदानाच्या परवानगीसाठी आठ दिवस झाले ‘उद्या या’ ऐकताय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, पुढे देते. दुसऱ्यासाठी मात्र सगळं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे, कारण तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथेच मी उभी होते आणि एका चुकीने आमच्या कॉलनीची दोन वर्षं वाया गेली.

तुम्ही लिहिलंय, ‘अर्ज दिला आहे, साहेबांच्या टेबलावर आहे असं सांगतात.’ मला एवढंच विचारायचं आहे, पोच घेतलीत का? तुमच्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही आहे का? नसेल तर तुमचा अर्ज दिलेलाच नाही असं समजा. कठोर वाटेल, पण तसंच समजा.

आमचं काय झालं ते सांगते. २०२२ साली कोजागिरी ९ ऑक्टोबरला होती आणि नेमका रविवार होता. नोकरीवाले सगळे घरी, मुलांना शाळा नाही, त्यामुळे ठरवलं की या वर्षी पार्किंगमध्ये न करता शेजारच्या मोकळ्या मैदानात करू. गणपती गेल्यावर लगेच, १२ सप्टेंबरला, मी स्वतः अर्ज घेऊन गेले. कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. खिडकीवरच्या माणसाने अर्ज वाचला, मान हलवली आणि टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटखाली ठेवला. ‘साहेब सहीला बसले की फोन करतो.’ इतकं आपुलकीने बोलला की पोच मागणं मला अपमान केल्यासारखं वाटलं. पिशवीत दुसरी प्रत होती. मी ती काढलीच नाही.

त्यानंतर चार चकरा झाल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा दौऱ्यावर. एकदा सांगितलं, ‘फाइल वर गेली आहे.’ शेवटची चक्कर शुक्रवारी, ७ तारखेला. तेव्हा उत्तर मिळालं, ‘काही अडचण नाही, करा तुम्ही, कागद सोमवारी घेऊन जा.’ शनिवार-रविवार कार्यालय बंद. मी घरी येऊन गटावर लिहिलं की परवानगी मिळाली. ही माझी दुसरी चूक. तोंडी ‘करा’ म्हणजे परवानगी नव्हे.

रविवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही सतरंज्या घेऊन मैदानावर पोचलो, तर आत दुसऱ्या मंडळींचा मांडव निम्मा उभा राहिला होता. त्यांच्याकडे पावती होती, अनामत भरल्याची. तारीख २८ सप्टेंबर, म्हणजे माझ्या अर्जानंतर सोळा दिवसांनी. माझ्याकडे दाखवायला काय होतं? काहीच नाही. ती माणसं वाईट नव्हती, म्हणाली, ‘ताई, तुमचा कागद असता तर आपण वेळ वाटून घेतली असती.’ फाटकाबाहेर आमची साठ घरं उभी. रिक्षातून तीस लिटर दुधाचं पातेलं उतरवलेलं. समोरच्या बिल्डिंगमधली चार वर्षांची मुलगी घरून आपला स्टीलचा पेला घेऊन आली होती. दोन्ही हातांनी छातीशी धरून ती पुन्हा पुन्हा विचारत होती, ‘आत कधी जायचं?’ तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही.

शेवटी बी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, गाड्या हलवून, दूध गरम केलं. पावणेदहा वाजले. म्हातारी माणसं केव्हाच घरी गेली होती, लहान मुलं खांद्यावर झोपली होती. सोमवारी मी कार्यालयात गेले तर उत्तर मिळालं, ‘असा अर्ज आवक नोंदवहीत दिसत नाही.’ वहीच माझ्यासमोर फिरवली. १२ सप्टेंबरच्या पानावर आमचं नाव नव्हतं. तो पेपरवेट त्याच टेबलावर होता.

माहितीच्या अधिकारात विचारावं असं काहींनी सुचवलं. २००५चा तो कायदा चांगला आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण जो अर्ज नोंदवलाच नाही त्याबद्दल विचारून काय मिळणार होतं? आणि गेलेली कोजागिरी परत येणार नव्हती. पैशांचं नुकसान फार नव्हतं. खरं नुकसान पुढच्या वर्षी कळलं. वर्गणी गोळा करायला गेलो तर निम्म्या घरांनी ‘आधी जागा नक्की होऊ द्या’ म्हणून दार लावलं. २०२३ला कोजागिरीच्या रात्री, २८ ऑक्टोबरला, खंडग्रास चंद्रग्रहण होतं. वेध पाळणाऱ्या ज्येष्ठांनी दूध घ्यायला नकार दिला, आणि त्या निमित्ताने उरलेलेही गळाले. तेरा-चौदा घरांचा कार्यक्रम झाला. लोकांचा विश्वास परत यायला २०२४ उजाडलं.

म्हणून सांगते. उद्याच जा, दोन प्रती घेऊन. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर जाऊ नका, अकराच्या सुमारास जा. अर्जात ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ असं मोघम लिहू नका. तारीख, कितीपासून किती वाजेपर्यंत, अंदाजे किती माणसं, मांडव आहे की नाही, ध्वनिक्षेपक आहे की नाही, साफसफाईची जबाबदारी कोणाची, हे सगळं लिहा. आधीचा अर्ज कोणत्या तारखेला दिला त्याचा उल्लेख करा. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मिळेपर्यंत खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा’ म्हणाले तर ‘पोच देता ना, मी थांबते’ एवढंच म्हणायचं, आवाज न चढवता. तरीही देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. अनामत भरायची असेल तर पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. मी काही वकील नाही, प्रत्येक ठिकाणचे नियम थोडे वेगळे असतात, पण पोच मागणं हा तुमचा हक्क आहे आणि तो सगळीकडे चालतो.

ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी काढावी लागते, मैदानाच्या परवानगीत ती येत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. माझं स्पष्ट मत, लहान मुलांच्या कोजागिरीला तो लावूच नये. सहा वर्षांच्या मुलांना गाण्यांच्या भेंड्या आणि चंद्र पुरेसा असतो.

आणि खरं सांगू? पहिल्या वर्षी मैदानाच्या मागे लागूच नका. गच्ची बघा. सोसायटीच्या कमिटीचं एक पत्र, कठडा उंच आहे ना याची खात्री, पाण्याच्या टाकीजवळ कोणी जाणार नाही अशी दोरी, बस. काही लोकांना हे कमीपणाचं वाटतं, ‘कार्यक्रम मोठा व्हायला हवा’ म्हणतात. मला ते पटत नाही. तीस घरं गच्चीवर वेळेत जमली तर पुढच्या वर्षी साठ येतात. साठ घरं फाटकाबाहेर उभी राहिली तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

दूध नऊच्या आत मुलांच्या हातात पडायला हवं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, नऊपर्यंत चांगला वर आलेला असतो. मध्यरात्री चंद्र माथ्यावर आल्यावरच दूध प्यायचं हा ज्यांचा नेम आहे त्यांनी तो घरी जरूर पाळावा, पण त्यासाठी मुलांना ताटकळत ठेवू नये, त्या दिवसांत बहुतेक शाळांची सहामाही असते. हिशेब सांगते. माणशी एक पेला म्हणजे साधारण दोनशे मिली धरा, दीडशे माणसांना तीस लिटर. आटवणार असाल तर पाच लिटर जास्त घ्या. जायफळ अगदी बेताने, लहान मुलांना उग्र लागतं. ज्यांना सुका मेवा चालत नाही अशा मुलांसाठी चारोळी-बदाम न घालता एक पातेली वेगळी काढून ठेवा, आणि ती कोणाकडे आहे हे आयांना आधी सांगा.

हादग्याबद्दल. तुम्ही पोस्टमध्ये भोंडला म्हटलंय, पुण्याकडे तसंच म्हणतात. आमच्याकडे जुन्या बायका हादगा म्हणतात. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो २६-२७ सप्टेंबरच्या सुमारास, त्याच दिवसांतला हा खेळ, म्हणून मधोमध हत्ती. भिंतीवर हत्तीचं चित्र लावून त्याला फळांच्या माळा घालायची पद्धत इथे आहे. तुमच्या सासूबाईंना पुढे करा, त्यांना गाणी येत असतील. आमच्याकडे गाणी छापून वाटली तेव्हा सगळ्या कागदात बघून म्हणत होत्या आणि फेर थांबत होता. एका आजींनी म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं असं केलं तेव्हा रंग भरला. मुलगेही फेरात येऊ द्या, अडवू नका. खिरापत मात्र डब्यात घट्ट झाकून आणायला सांगा, मुलांची सगळी मजा ती ओळखण्यात असते. इथे कोणाच्या परवानगीची गरज नाही, जिन्याखालची जागाही पुरते.

आता फिरायचं. कासला जायचंच, पण शनिवार-रविवारी नको. पठारावर रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, ऑनलाइन नोंदणी करून जावं लागतं. दर आणि वेळा बदलत असतात, त्या निघण्याआधी बघून घ्या. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा फुलांचा भर. यवतेश्वरचा घाट वळणांचा आहे, मुलीला गाडी लागत असेल तर दूध पाजून निघू नका. वारा इतका असतो की छत्री टिकत नाही, रेनकोट घ्या. आणि एक भिंग घ्या. हे माझं सगळ्यात लाडकं सांगणं आहे. मोठी माणसं तेरड्याचे आणि सोनकीचे गालिचे बघतात, मुलांना त्याचा दहा मिनिटांत कंटाळा येतो. त्यांना वाटेच्या कडेला, जांभ्यावरच्या ओल्या मातीत दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती दाखवा. बोटाएवढं रोप, लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. माझा नातू उकिडवा बसून पंधरा मिनिटं एका अडकलेल्या चिलटाकडे बघत होता. निळी-जांभळी सीतेची आसवं तर सगळीकडे असतात, पण तीही किडे खातात आणि त्यांचे सापळे मातीखाली असतात, हे सांगितल्यावर त्याने त्या फुलांकडे पुन्हा वळून पाहिलं. आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू देऊ नका. खाली खडक आहे आणि माती बोटभर, एकदा तुडवली की तिथलं सगळं गेलं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यानंतर गर्दीने पठाराचे जे हाल झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहेत, म्हणून जरा जास्त बोलते.

एका दिवसात कास, बामणोली, ठोसेघर, सज्जनगड असा बेत कोणी सुचवला तर ऐकू नका. आम्ही एकदा बस करून तसं केलं, मुलांनी दिवसभर खिडकीच पाहिली. कास आणि बामणोली एका बाजूला आहेत, कोयनेच्या जलाशयातली होडी धरून तो एक दिवस. सज्जनगड, ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्या एकाच रस्त्यावर आहेत, तो दुसरा दिवस. सासूबाईंसाठी दुसरा दिवस बरा, गाडी सज्जनगडावर बऱ्याच उंचीपर्यंत जाते. पण त्यापुढे पायऱ्या आहेतच, गुडघे दुखत असतील तर त्यांना विचारून ठरवा.

आणि दिवाळीच्या आधी एखाद्या सकाळी मुलीला अजिंक्यतारा किल्ल्यावर नक्की न्या. तिथून खाली सगळं शहर दिसतं, तिला तिचं घर शोधू द्या. मग अंगणात किल्ला करताना दरवाजा कुठे, तळं कुठे, हे ती तुम्हाला सांगेल. मोहरी किंवा हळीव वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरा, नाहीतर मावळे येतात तेव्हा किल्ला बोडका असतो.

अर्जाचा मसुदा हवा असेल तर माझ्याकडे आहे, २०२४ला तोच वापरला होता. निरोप टाका, रात्री पाठवते, म्हणजे उद्या अकराला दोन्ही प्रती घेऊन जाता येईल. शिक्का बसला की मला कळवा.