बीदरच्या रंगीन महालाचे कुलूप आणि तटबंदीतले शहर पाहण्याचा क्रम

दिवाळीत पुण्याहून हैदराबादला गाडीने जाताना तुम्ही दुपारी बीदरला थांबलात, किल्ल्यातल्या रंगीन महालाला कुलूप होते, पहारेकऱ्याने "ऑफिसातून चिठ्ठी आणा" असे सांगितले आणि ऑफिसही बंद होते, असे तुम्ही लिहिले आहे. आता डिसेंबरात आईंना घेऊन पुन्हा त्याच रस्त्याने जायचे असल्यामुळे बीदरला थांबण्यात अर्थ आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. अर्थ निश्चित आहे, पण वाटेतला तीन तासांचा थांबा म्हणून नव्हे. त्या कुलपापाशी माझ्या घरच्यांनीही पुष्कळ काही सोसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रस्ता, टोल, हॉटेले आणि तिकिटे यांबद्दल इथे अनेकांनी लिहून ठेवले आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

मी उदगीर भागातला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीला कोर्टकचेरीसाठी बीदरलाच जावे लागे, आणि आजही आमच्याकडे बरेच लोक बीदरला परप्रांत मानत नाहीत. बाजारात मराठी सहज चालते. माझे वडील जन्मभर इतिहास शिकवत आले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे रयतेला खुली केली आणि त्या धान्याचा पैसा विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बीदरच्या दरबारात भरला, ही कथा ते वर्गात सांगत. ती कथा ज्या दरबारात घडली असे परंपरा सांगते, तो दरबार आणि तो किल्ला मुलांसह नीट पाहावा, आणि विशेष म्हणजे रंगीन महालाचा आतला कक्ष पाहावा, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

त्यासाठी आम्ही आधी रीतसर पत्र लिहिले होते. कोणत्या कार्यालयाला लिहिले आणि ते कोणाच्या अखत्यारीतले होते, हे इथे लिहिणार नाही, कारण माणसे बदलतात आणि आज तिथे कदाचित चांगली माणसे असतील. पत्राला उत्तर आले नाही, म्हणून फोन केला. "या, उघडून दाखवू" असे स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले. प्रत्यक्ष पोहोचल्यावर त्याच टेबलावरून सांगितले गेले की परवानगी दुसऱ्या कार्यालयाची लागते, आणि ते कार्यालय दुसऱ्या गावात आहे. त्या कार्यालयाला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले की हा स्थानिक पातळीवरचा विषय आहे, तिथेच विचारा. आमच्या पत्राची प्रत समोर ठेवली असता ती आवकजावक नोंदवहीत नाही, सबब ते पत्र आलेच नाही, असे ठरवण्यात आले. या सगळ्यात सकाळ संपून दुपार कलली. वडील महालाच्या बाहेर सावलीत बसून होते. त्यांचे गुडघे तेव्हाच दुखत होते. पुढे त्यांना प्रवास जमेनासा झाला आणि महाल पाहायचा राहिला तो राहिलाच. पैसे गेले, वेळ गेला, त्याचे फारसे वाईट वाटत नाही, परंतु ज्या माणसाने पिढ्यानपिढ्यांच्या मुलांना बहमनी राज्य शिकवले त्याला एका चावीसाठी दोन कार्यालयांमध्ये टोलवले गेले, हे मला अजूनही सहन होत नाही.

कुलूप लावण्याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. भिंतींवर नावे कोरणारे आणि कोरीव कामाचे तुकडे खिशात घालणारे लोक आपल्यातच आहेत, आणि रंगीन महालातले काम इतके नाजूक आहे की ते उघड्यावर टाकता येणार नाही. हा महाल आज दिसतो तो मुख्यतः बहमनींनंतरच्या बरीदशाहीतल्या अली बरीदच्या काळातला, म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. बाहेरच्या दालनात कोरीव लाकडी खांब आहेत. आतल्या कक्षाच्या दाराभोवती काळा बेसॉल्ट कोरून त्यात मोत्याच्या शिंपल्याचे तुकडे बसवले आहेत. ते काम मला नंतर एकदा पाहता आले. समोरून पाहिले तर ते पांढरट दिसते, पण डोके थोडे बाजूला नेले की त्याच शिंपल्यावर हिरवी आणि गुलाबी झाक सरकते, आणि काळ्या दगडातली फारसी अक्षरे एकदम उठून येतात. काही ठिकाणी तुकडा गळून पडला आहे, तिथे दगडातली रिकामी खोबण राहिली आहे, आणि ती पाहिल्यावर कारागिराने दगड किती बारीक खोदला होता हे नीट कळते. असे काम जपायलाच हवे. माझे म्हणणे एवढेच आहे की दिवसातून दोन ठरावीक वेळा लिहून फलक लावावा, त्या वेळी माणूस सोबत देऊन दहा-दहा जणांना आत सोडावे, आणि ज्याला नकार द्यायचा त्याला तो फोनवरच द्यावा.

पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरून, जुन्नरला पावसाळा काढून बीदरला पोहोचला होता. त्याने लिहून ठेवले आहे की सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे आहेत, प्रत्येक दरवाजावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद होते आणि परक्याला आत सोडत नाहीत. तो सुलतानाचा राहता वाडा होता, त्यामुळे ते समजण्यासारखे होते. आज तो सार्वजनिक ठेवा आहे.

आता तुम्ही काय करावे, ते सांगतो. हे केवळ माझ्या आणि माझ्या ओळखीच्या लोकांच्या अनुभवावरून आहे, नियम आणि वेळा बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी स्वतः खात्री करून घ्या. मुक्काम बीदरलाच करा आणि किल्ल्यात सकाळी, उघडल्या उघडल्या पोहोचा. आधी इमारती पाहत फिरू नका. थेट शाही हमामातल्या वस्तुसंग्रहालयाकडे जा, तिथे जबाबदार कोण आहे ते विचारा आणि तुम्हाला कोणती ठिकाणे पाहायची आहेत ती नावे घेऊन सांगा. "सगळे दाखवा" म्हटले की काहीच दाखवले जात नाही. "रंगीन महालाचा आतला कक्ष आणि सोळा खांब मशीद" असे म्हटले की समोरच्याला कळते की आलेला माणूस पाहण्यासाठी आला आहे. ओळखपत्र जवळ ठेवा. रविवार, सणाचे दिवस आणि दुपारनंतरची वेळ टाळा. पुरातत्त्व खात्याची स्थळसंग्रहालये बहुधा शुक्रवारी बंद असतात, म्हणून शुक्रवारही टाळलेला बरा. डिसेंबरात शाळांच्या सहली येतात, त्या दिवशी कर्मचारी मुलांच्या मागे धावत असतात आणि चावीचा विषय काढण्यात हशील नसते. चावी माझ्याकडे आहे असे सांगून दारात पैसे मागणाऱ्याच्या मागे जाऊ नका. त्याच्याकडे चावी नसते.

मुळात हा किल्ला शहरापासून तोडून पाहू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि या बाबतीत अनेकांचे माझ्याशी पटत नाही. बहमनी सुलतान अहमदशहा वलीने गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवली आणि १४३० च्या सुमारास हा किल्ला उभा राहिला. त्याच्या दक्षिणेला तटबंदीचे शहर आहे, त्याला शाहगंज, फतेह, मंगळपेठ, दुल्हन आणि तलघाट असे दरवाजे आहेत, आणि शहराच्या मधोमध चौबारा हा सुमारे २२ मीटर उंचीचा गोल बुरूज आहे, ज्यावरून सगळ्या पठारावर नजर ठेवता येई. चौबाऱ्यापासून उत्तरेला किल्ल्याकडे जाणारा रस्ता हाच जुन्या बीदरचा कणा आहे, आणि महमूद गवानचा मदरसा त्याच रस्त्यावर लागतो. गाडी तटाबाहेर किंवा मुक्कामाच्या जागी ठेवा. आतल्या गल्ल्यांत मोठी गाडी घालून समोरून आलेल्या टेम्पोपुढे अडकून पडण्यापेक्षा रिक्षा कधीही परवडते, आणि आईंनाही तीच सोयीची पडेल.

हा मदरसा १४७२ चा आहे. गवान इराणातल्या गिलानचा व्यापारी. तो बहमनींचा वजीर झाला, आणि १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधारे त्याच्यावर फितुरीचा आळ घेऊन सुलतानाने त्याचा वध करवला. त्यानंतर बहमनी राज्य फार काळ एकसंध राहिले नाही. औरंगजेबाच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटाने मदरशाची पुढची बाजू निम्मी उडाली, त्यामुळे आज दोनांपैकी एकच मिनार दिसतो. निळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या फरशांचे जे पट्टे उरले आहेत ते रस्त्याच्या बाजूने दिसतात. दुर्बीण असेल तर न्या, कारण वरच्या पट्टीतली कुराणातली अक्षरे खालून उघड्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत.

किल्ल्यात शिरताना शहराच्या बाजूचा खंदक थांबून पाहा. तो एक नसून तीन आहेत, जांभा खडक खोदताना मधले पडदे तसेच ठेवून ते काढले आहेत. जांभा म्हटले की आपल्याला कोकण आठवते, पण बीदरचे सगळे पठार त्याच खडकाचे आहे आणि त्याच्या खाली बेसॉल्ट आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते आणि खालच्या घट्ट थरावर येऊन अडते. बहमनींनी इराणी पद्धतीच्या करेझ, म्हणजे जमिनीखालून उताराने पाणी नेणारे बोगदे खोदले, ते याच बळावर. नौबादच्या करेझचे उभे विहिरीसारखे झरोके आजही एका ओळीत दिसतात. तुमच्या पोस्टमध्ये पाण्याबद्दल काहीच नव्हते, पण बीदरला जाऊन करेझ न पाहता येणे म्हणजे औरंगाबादला जाऊन पाणचक्की न पाहण्यासारखे आहे.

बिदरी वस्तू घ्यायची असेल तर दुकानाऐवजी कारखान्यात जा आणि काम होताना पाहा. जस्त आणि थोडे तांबे यांचे ओतीव भांडे आधी करड्या रंगाचे असते. त्यावर मोरचूद लावून तात्पुरता काळा रंग आणतात, म्हणजे कोरलेली रेघ स्पष्ट दिसते, मग त्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातल्या जुन्या इमारतींखालची, उन्हापावसापासून दूर राहिलेली माती आणि नवसागर पाण्यात उकळून ते भांडे त्यात फिरवतात. जस्त काळेकुट्ट होते आणि चांदीला काही होत नाही. जुने कारागीर ही माती जिभेवर ठेवून पारखतात. २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली, त्यानंतर बिदरीची चौकशी वाढली आहे, त्याबरोबर नुसता रंग दिलेला मालही बाजारात दिसतो, तेव्हा चांदी ठोकलेली आहे की वरून लावलेली, हे बोटाने चाचपून घ्या.

आता चावी मिळाली नाही तर काय, हा तुमचा खरा प्रश्न. तसे झाले तर तिथे वाद घालत दुपार घालवू नका, आईंना घेऊन सरळ अष्टूरला जा. शहराच्या पूर्वेला काही किलोमीटरवर बहमनी सुलतानांचे मकबरे एका रांगेत आहेत. त्यांतल्या हुमायूनशहाच्या मकबऱ्याचा घुमट उभा फाकला आहे, आणि तो उघडा पडल्यामुळे घुमटाच्या भिंतीची जाडी आणि बांधणी डोळ्यांना दिसते. अहमदशहा वलीच्या मकबऱ्यात आतून सगळीकडे रंगकाम आणि सोनेरी अक्षरे आहेत, परंतु आत अंधार असतो. तिथले देखभाल करणारे लोक दारात आरसा धरून उन्हाचा कवडसा आत फेकतात आणि तो घुमटावर हळूहळू फिरवतात. जिथे कवडसा पडतो तिथला लाल आणि निळा रंग काल लावल्यासारखा दिसतो. या अहमदशहाला मुसलमान वली मानतात आणि अनेक लिंगायत लोक त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानतात, आणि त्याच्या उरुसात जंगमाला मान असतो.

आरशाचा हा खेळ ऊन असतानाच जमतो, म्हणून अष्टूरला दुपारी चारच्या आत पोहोचा. आत अनवाणी जावे लागते आणि डिसेंबरात फरशी गार असते, तेव्हा आईंसाठी जाड मोजे घ्या. टेकायला एखादी घडीची खुर्ची गाडीत टाकली तर उत्तम, कारण तिथे बसायला जागा फारशी नाही. येताना वाटेत खलीलुल्लाह या सूफी संताची चौखंडी, म्हणजे मकबरा, लागते, तिथे पायऱ्या बऱ्याच आहेत. त्या त्यांना झेपणार नसतील तर दारावरचा काळ्या दगडातला अक्षरपट खालूनच पाहू द्या.