भाड्याची गाडी ताब्यात घेताना
दोन दिवसांच्या सहलीसाठी पहिल्यांदाच गाडी भाड्याने घेत असाल, तर दराच्या आधी करारातील किलोमीटरची मर्यादा पाहा आणि विमा असूनही नुकसानीचा किती वाटा आपल्याला भरावा लागेल, हे वाचा. जाण्यायेण्याचे अंतर सगळेच मोजतात. मुक्कामाच्या ठिकाणी होणारे फिरणे मात्र हिशेबात धरायचे राहून जाते.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. गाडीभोवती फिरत सलग व्हिडिओ घ्या. बंपरचा खालचा कोपरा, चाकांच्या रिमवरचे ओरखडे आणि समोरच्या काचेवरचा बारीकसा टवकाही त्यात येऊ द्या, आणि शेवटी इंधनाचा काटा व किलोमीटरचा आकडा स्पष्ट टिपा. मी एकदा संध्याकाळच्या अंधुक उजेडात गाडी घेतली आणि दारावरचा जुना पोचा परतीच्या वेळी माझ्या नावावर चढला. तेव्हापासून मी भर दुपारीसुद्धा मोबाईलचा टॉर्च लावतो, मग कोणी हसले तरी चालेल. डिकीतील स्टेपनी, जॅक आणि पाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

सोबतचा मित्र आलटून पालटून गाडी चालवणार असेल, तर त्याचे नाव करारात असलेच पाहिजे, अन्यथा अपघात झाल्यास विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. परत करण्याआधी ठरल्याइतके इंधन भरून पावती जपून ठेवा.