लोखंडी पाणबुडी पाण्यातच का ठेवलीय?

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत चार्ल्स्टनला असतो. तिथल्या यादवी युद्धातली हनली नावाची पाणबुडी बघून आला, म्हणतो १३६ वर्षं समुद्राच्या तळाशी होती आणि वर काढून परत टाकीत बुडवून ठेवलीय! आमचा कोयता एक पावसाळा बाहेर राहिला की तांबडालाल, मग हे काय लॉजिक? दुसरं म्हणजे आजोबांच्या वेळी रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) आलेला होडीचा छोटा लोखंडी नांगर आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत आहे, त्याचे दरवर्षी पापुद्रे सुटतात. मुलगा म्हणतो घासून ऑइलपेंट मारूया. मारू का?
— एक वाचक, मोरजी

उत्तर: तो रंगाचा डबा आधी परत कपाटात ठेवा, मग बोलू.

भाचा बरोबर सांगतोय, फक्त टाकीत साधं पाणी नाही, कॉस्टिक सोडा घातलेलं आहे. हनलीने १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री शत्रूचं हूसॅटॉनिक हे जहाज बुडवलं आणि मग स्वतःही आठ माणसांसकट तळाला गेली, ती २००० साली वर आली. एवढी वर्षं समुद्रात पडलेल्या लोखंडात मीठ पार आत मुरतं, लोणच्यातल्या कैरीत मुरतं तसं, आणि ते सुकलं की मीठ, हवा, दमटपणा तिघं मिळून आतून गंज फुगवतात आणि वरचा थर उचलून फेकतात. तुमचे पापुद्रे म्हणजे हेच, पेंट मारलात तर रंगाच्या आत चालूच राहणार. कॉस्टिकमध्ये लोखंड गंजत नाही, मीठ मात्र हळूहळू बाहेर येतं, मग पाणी बदलायचं, परत वाट बघायची. हे २०१४ पासून चाललंय!

घाई केली की काय होतं ते कैरोने दाखवलं (त्याच युद्धात बुडालेल्या, लाकडावर लोखंडी पत्रा ठोकलेल्या जहाजाचं नाव हो, लोणचं संपलं). १९६४ ला वर काढताना तीन तुकडे झाले, मग बरीच वर्षं शिपयार्डात उघड्यावर लाकूड सुकत, कुजत पडलं. आता अमेरिकेतच व्हिक्सबर्गला सांगाडा उभा केलाय, मधेमधे नवीन लाकूड.

आणि गंमत बघा, हनलीचा कप्तान डिक्सनजवळ सोन्याचं नाणं मिळालं, त्याच युद्धातल्या शायलोच्या लढाईत गोळी लागून वाकलेलं, त्यावर कोरलेली अक्षरं अजून वाचता येतात. सोन्याला मीठ काय करणार.

तुमच्या नांगराला हातोडी, पॉलिशपेपर काही लावू नका. बाल्कांवातली खारी हवा त्याला मारतेय, आत कोरड्या खोलीत न्या आणि दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेत विचारा, गोव्याजवळच्या समुद्रातल्या सुंची रीफवरच्या (पाण्याखालच्या खडकावरच्या) बुडालेल्या जहाजाचा अभ्यास तिथल्याच लोकांनी केलाय. उद्या रापणीत परत काही आलं तर उन्हात सुकवू नका, प्लास्टिकच्या ड्रमात वीस लिटर गोड्या पाण्याला एक किलो धुण्याचा सोडा घालून त्यात बुडवून ठेवा. कॉस्टिक घरी नको, हात भाजतील. नांगराचा फोटो पाठवा, घासण्याआधीचा!