आता सगळं मॉडेलच शिकतं, मग मराठी स्पीचवर पीएचडी करायला सिग्नल प्रोसेसिंग कशाला शिकायचं?

शिका, म्हणजे आवाजाच्या लहरी मोजायला आणि उलगडायला शिका. एवढंच उत्तर हवं असेल तर इथंच थांबा, पुढं बरंचसं माझं गाऱ्हाणं आहे.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय, "मराठीचा डेटा तर आता तयारच मिळतो, साफ करून घेतला की झालं." त्या 'साफ'पाशी मी अडकले. या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे.

मी बेळगावची, माहेर खानापूर तालुक्यात. 2013 साली इथल्याच एका कॉलेजात एमटेक करत होते. त्या सुमारास सहा भारतीय भाषांत फोनवर बोलून शेतमालाचे भाव विचारता यावेत असा सरकारी प्रकल्प चालू होता. मराठीचे आवाज गोळा झाले ते महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांतून, आणि ते बरोबरच होतं, पण आम्ही त्या नकाशाच्या बाहेर. कन्नडच्या डेटात आम्ही असायचं कारणच नाही, कारण आम्ही मराठी बोलतो. म्हटलं, आपणच करू. एक बरा रेकॉर्डर घेतला, 16 किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे 16 हजार नमुने) लावला आणि पहाटे मंडईत जाऊन बसले.

नंदगडकडच्या एक भाजीवाल्या मावशी होत्या. "माझं बोलणं मशिनीत घालणार व्हय? घाल की." मग विचारलं, आज कशा आलात? म्हणाल्या, "सकाळच्या पॅसेंजरनं एकटीच आलो. चार पाट्या आणलो. वांगी खपली खरं गवार तशीच हाय बघ."

आमच्याकडचं ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी: बेळगाव-कोल्हापूरकडे बायका 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात, आणि ते 'खरं' म्हणजे 'पण'. मावशींनी खरंखोटं काही केलेलं नाही.

मी ऐकलं तसं लिहून काढलं. गाईडनी ट्रान्सक्रिप्ट बघितला आणि लाल पेन काढलं. "बाई आहे ना बोलणारी? मग 'आले' करा. आणि हे 'खरं' काढा, उगाच मध्ये आलंय. चुकीचं मराठी मशीनला शिकवायचंय का?" माणूस वाईट नव्हता. शिकवायचे उत्तम, फूरिए (आवाज वेगवेगळ्या वारंवारतांत फोडायची रीत) मला त्यांच्यामुळेच कळला. पण मी गप्प बसले. का बसले? कारण घरी मीही 'आलो'च म्हणते, आणि पुण्यात दोन महिने ट्रेनिंगला होते तेव्हा मेसमध्ये त्यावर पोरी हसल्या होत्या. हे उत्तरसुद्धा बघा, कसं 'बसले', 'होते' करत लिहितेय. तर दोन रात्री बसून सगळ्या बायकांच्या वाक्यांतले 'ओ' मी 'ए' केले. झाला डेटा साफ.

मॉडेलचं ट्रेनिंग पुन्हा चालवलं तर बोलणं ओळखण्यातल्या चुका वाढल्या. बायकांच्या वाढल्या ते ठीक, पण पुरुषांच्याही. 'तो आला, ते आले' असल्या साध्या वाक्यांत घोळ. गाईडचं निदान तयार होतं: "बायकांचे आवाज चढे असतात, ते मॉडेलला झेपत नाहीत. बायका कमी करा."

आमच्या लॅबमध्ये अथणीची एक मुलगी होती, घरी कन्नड बोलणारी. तिनं मला शिव्या घातल्या. म्हणाली, आमचं धारवाडकडचं कन्नड बेंगळुरूवाल्यांना असंच चुकीचं वाटतं, म्हणून आम्ही काय तोंड शिवून घ्यायचं का? लेबल, म्हणजे लिहिलेलं, कशाला बघतेस, आवाज बघ. आणि तिनं मावशींची फाईल प्राटमध्ये उघडली. (ॲमस्टरडॅमच्या बोर्स्मा आणि वेनिंक यांचं हे आवाज तपासायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आजच उतरवून घ्या.)

'आलो'मधला शेवटचा स्वर जेमतेम दीडशे मिलिसेकंदांचा. दहा-दहा मिलिसेकंदांनी पुढं सरकलं तर पंधरा फ्रेम, म्हणजे आवाजाचे पंधरा छोटे तुकडे. त्या पंधराही फ्रेममध्ये दुसरा फॉर्मंट (तोंडाच्या आकारामुळं आवाज जिथं जोरात घुमतो त्या वारंवारतांपैकी खालून दुसरी) हजार हर्ट्झच्या आसपास खाली बसलेला. 'ए' असता तर बाईच्या आवाजात तो दोन हजारांच्या वर दिसला असता. म्हणजे मावशींच्या तोंडातून स्वच्छ 'ओ' आला होता आणि मी मॉडेलला सांगत होते, हा 'ए' आहे. असे शेकडो 'ओ' मी 'ए'च्या खात्यात टाकले होते. मग ते बिचारं पुरुषांचे 'ए' तरी कसं ओळखणार? पिचचा, म्हणजे आवाजाच्या चढेपणाचा, संबंधच नव्हता. पिच घशातून येते, फॉर्मंट तोंडाच्या पोकळीच्या आकारातून, आणि बहुतेक करून ही दोन्ही खाती वेगळी राहतात. हे मला पहिल्या सेमिस्टरला पाठ होतं, पण लाल पेन समोर आल्यावर आठवलं नाही.

लेबलं परत फिरवली, चुका खाली आल्या. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी तोच प्रश्न काढला, "ही बाई अशुद्ध बोलतेय ना?" मी स्पेक्ट्रोग्रामची (आवाजाच्या वारंवारतांच्या चित्राची) प्रिंट पुढं सरकवली. ते बराच वेळ बघत राहिले. "हं," म्हणाले. गाईड खिडकीबाहेर बघत होते. मार्क बरे पडले, पण "तुझं बरोबर होतं" असं मला कुणी आजवर म्हटलेलं नाही.

आता तुमचा प्रश्न. व्हिस्पर (बोललेलं लिहून काढणारं मॉडेल) 2022 साली आला, 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर शिकलेला. तोही आधी आवाज 16 किलोहर्ट्झवर आणतो, 25 मिलिसेकंदांच्या विंडोतून, 10 मिलिसेकंदांच्या पावलानं 80 मेल पट्ट्या (कानाला जाणवतं त्या बेतानं वाटलेल्या वारंवारतेच्या पट्ट्या) काढतो, आणि मग पुढची जादू. डेव्हिस आणि मर्मेलस्टाईन यांनी 1980 साली मेल-केप्स्ट्रमचा (याच पट्ट्यांवरून आवाजाची ओळख काढायच्या रीतीचा) पेपर लिहिला, त्यातली मेल पट्टी अजून गेलेली नाही. ती काय टाकते आणि काय ठेवते हे कळत नसेल तर मॉडेल चुकल्यावर तुम्ही फक्त डेटा वाढवत बसाल. साधा फोन कॉल घ्या: जुनी टेलिफोनची पट्टी 300 ते 3400 हर्ट्झ, आणि आपल्या 'स'चा बराचसा जोर 4000च्या वर. फोनवर नाव सांगताना 'स, सरोजचा स' करावं लागतं ते उगाच नाही.

आणि देवनागरीवरही डोळे झाकून विसंबू नका. 'चार' आकडा आणि 'गाय चार' म्हणतो त्यातला 'चार', लिहायला एकच, कानाला दोन. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, तेही तसंच. नुसत्या अक्षरांवरून उच्चारकोश बनवणाऱ्याला हे दिसतच नाही, आवाज बघणाऱ्याला दिसतं.

मागच्या दिवाळीत मावशींची तीच फाईल हल्लीच्या एका मोठ्या मॉडेलवर चालवली. उत्तर आलं: 'एकटीच आले'. 'खरं' गायब. म्हणजे लाल पेन आता मॉडेलच्या आत गेलंय. पीएचडीला विषय शोधत असाल तर हा घ्या. गाईड निवडताना आयआयटी आहे की आणखी काय ते नंतर बघा, आधी विचारा की तुमच्याकडं ट्रान्सक्रिप्ट कोण लिहितं आणि तो वाद कोण मिटवतं.

आता थोडं इमानदारीत. वेव्हटूव्हेकसारखी मॉडेलं सरळ कच्च्या लहरीवर शिकतात, त्यामुळं माझं मेल-पुराण सगळीकडं लागू नाही. गाईड अगदीच चूक नव्हते: पिच 250 हर्ट्झ असेल तर हार्मोनिक (पिचच्या पटीतले सूर) तितक्याच अंतरानं येतात आणि फॉर्मंटचं नेमकं शिखर त्यांच्या मध्येच हरवतं. पण शे-दोनशेचा फरक पडेल, हजाराचा नाही. आणि प्राटमध्ये बाईच्या आवाजाला फॉर्मंटची वरची मर्यादा 5500 ठेवा, 5000 पुरुषांसाठी. मी पहिल्यांदा पुरुषांचीच ठेवली होती.

स्टायपेंडचं आणि नोकरीचं तुम्ही विचारलंत ते राहिलं. मी पीएचडी केली नाही, त्यामुळं त्यावर माझं ऐकू नका.