तान्ह्या बाळाच्या घरातला सुई-दोरा

घरात तान्हे मूल असताना हाताने काहीतरी करत राहावे असे वाटणाऱ्या वाचकांचे सहा प्रश्न या वेळी निवडले आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी चार महिन्यांची आहे. सासूबाईंची एक जुनी सुती नऊवारी घरात आहे आणि तिची गोधडी मी स्वतः शिवावी असे मनात आहे. शाळेत शिकवलेले साधे टाके तेवढे येतात, आणि दिवसातून सलग अर्धा तासही मोकळा मिळत नाही. हे काम मला पेलेल का? गोधडी चांगली जाड व्हायला हवी, असे सासूबाई म्हणतात. थर किती घालावेत? — एक वाचिका, चिपळूण

उत्तर : पेलेल. तुटक वेळात करता येण्याजोग्या कामांत गोधडीला मी सर्वांत वरचे स्थान देईन. विणताना मध्येच उठावे लागले की मोजलेले टाके विसरतात, रंग वाळून जातो, मातीकामात हात माखलेले असतात आणि बाळाला पटकन उचलता येत नाही. धावदोऱ्याची ओळ मात्र कोणत्याही टाक्याशी थांबवता येते आणि दोन दिवसांनी तिथूनच पुढे नेता येते.

नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. तिचे ९० सेंटिमीटरचे तुकडे केले तर नऊ तुकडे निघतात, म्हणजे चार थरांच्या दोन लहान गोधड्या एका साडीत सहज बसतात. कापण्यापूर्वी साडी उजेडासमोर धरून पाहावी. नेसताना ज्या भागावर ताण येतो तिथे ती विरलेली असते, आणि तो भाग मधल्या थरात घालावा. काठ जरीचा असेल तर तो काढून टाकावा, कारण जरीचे धागे बाळाच्या अंगाला टोचतात. थरांविषयी माझे मत सासूबाईंपेक्षा वेगळे आहे. चार महिन्यांचे बाळ दिवसातून कितीतरी वेळा ओले करते, आणि चिपळूणच्या पावसाळ्यात जाड गोधडी दोन दिवसांतही वाळत नाही. आतून दमट राहिली की तिला वास येऊ लागतो. म्हणून चारच थरांची चौघडी करावी. जाड गोधडीची हौस थोरांच्या अंथरुणासाठी राखून ठेवता येईल.

कापड गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. मग फरशीवर एकावर एक थर पसरून मधून कडांकडे हाताने सपाट करत जावे आणि वीत-वीत अंतरावर उभे-आडवे लांब कच्चे टाके घालावेत. या कच्च्या टाक्यांसाठी वेगळ्या रंगाचा दोरा घेतला, तर शेवटी तो चटकन दिसतो आणि उसवून टाकता येतो. एका बैठकीत पुरे करावे लागते ते एवढेच. त्या तासाभरासाठी मुलीला घरातल्या कोणाकडे तरी द्यावे. कडा आत दुमडून घेतल्या की दोन-दोन सेंटिमीटर अंतराने ओळी घालाव्यात. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याला पीळ पडतो, गाठी बसतात, आणि वाचवलेला वेळ गुंता सोडवण्यात जातो.

टाचण्या या कामात अजिबात वापरू नयेत, कच्चे टाके त्यासाठीच आहेत. सुई एकच ठेवावी, आणि उठताना ती कापडात न खोवता झाकणाच्या डबीत टाकावी. आज तुमची मुलगी जागची हलत नाही. पण आठव्या-नवव्या महिन्यात रांगण्याबरोबरच मुलांना अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू उचलता येऊ लागतात, आणि उचललेली प्रत्येक वस्तू तोंडात जाते. त्याआधी गोधडी पूर्ण व्हावी असा बेत ठेवावा.

वापराविषयी एक गोष्ट सासूबाईंनाही सांगावी लागेल. पहिले वर्षभर बाळाने सपाट, घट्ट बिछान्यावर पाठीवर झोपावे आणि त्याच्याजवळ सुटे पांघरूण, उशी किंवा मऊ लोड असू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे, कारण सुटे कापड तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. तेव्हा ही गोधडी जागेपणी जमिनीवर पालथे खेळण्यासाठी आणि मांडीवर घेण्यासाठी वापरावी. थंडी वाटली तर अंगात आणखी एक झबले घालावे.

प्रश्न : लेकीला पहिले बाळ व्हायचे आहे. बाळंतविड्यासाठी मी टोपडे, पायमोजे आणि हातमोजे विणायला घेतले आहेत. लोकर कोणती घ्यावी? हल्ली डॉक्टर टोपड्यालाही नको म्हणतात, ते खरे का? — एक आजी, नागपूर

उत्तर : लोकर गुळगुळीत आणि बिनकेसाळ घ्यावी. अंगोरा किंवा मोहेरसारखी फुललेली लोकर दिसायला सुंदर असते, पण तिचे तंतू सुटून बाळाच्या नाकातोंडात जातात. ‘बेबी वूल’ नावाने मिळणारी बहुतेक लोकर ॲक्रिलिकची असते. ती धुवायला सोपी, मात्र तिच्यात घाम मुरत नाही. नागपूरच्या पौष-माघातल्या थंडीपुरती ती चालेल, फाल्गुनानंतर सुती धाग्याचेच टोपडे बरे. दहा नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या सुया पुरतात. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि तीन महिन्यांत तो ४० सेंटिमीटरच्या आसपास पोहोचतो. हौसेने विणलेली बरीच टोपडी बाराव्या दिवसाच्या फोटोनंतर डोक्यात शिरत नाहीत ती यामुळेच. आपण तिसऱ्या महिन्याचे माप धरावे आणि खालची चार बोटे पट्टी सुलट-उलट टाक्यांची, ताणली जाणारी विणावी. हनुवटीखाली बांधायच्या नाड्या आणि वरचा लोकरीचा गोंडा, दोन्ही नकोत. कानांवर येतील एवढे टोपडे खोल केले की नाडीची गरज उरत नाही.

डॉक्टर टोपड्याला सरसकट नको म्हणत नाहीत; घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर ते नको, असे त्यांचे म्हणणे असते. तान्ह्या बाळाच्या शरीरातली जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर पडते, आणि झोपेत ते फार तापणे चांगले नाही. बाहेर नेताना टोपडे जरूर घालावे.

हातमोजे मात्र विणूच नयेत असे मी सुचवेन. मोज्याच्या आतल्या बाजूला राहिलेला एखादा सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला जातो, बाळाच्या वळवळीने आवळत जातो आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडतो. पायमोज्यांतही हेच घडू शकते, म्हणून प्रत्येक धुण्यानंतर मोजा उलटा करून आतले धागे कापावेत. पोट भरलेले, कपडे कोरडे, तरी बाळ रडायचे थांबायला तयार नाही, अशा वेळी मोजे काढून एकेक बोट पाहावे, हे लेकीलाही सांगून ठेवावे. ओरखडे टाळायला नखे वेळेवर कापणे पुरते.

प्रश्न : पाळण्यावर टांगायला कापडी चिमणाळे करते आहे. रंग कोणते घ्यावेत आणि ते किती उंचीवर बांधावे? — एक वाचिका, बेंगळुरू

उत्तर : पहिल्या दोन महिन्यांत बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचेच नीट दिसते आणि फिकट गुलाबी-निळ्यापेक्षा काळ्या-पांढऱ्यातला ठळक फरक त्याला लवकर कळतो. म्हणून काळ्या-पांढऱ्या खणांच्या चिमण्या कराव्यात आणि त्यांचे पोट खालच्या बाजूने सजवावे, कारण बाळाला तेच दिसणार आहे. दुकानातल्या चिमणाळ्यांत याचा विसर पडलेला असतो. ती उभ्या पाहुण्यांसाठी केलेली वाटतात. चिमणाळे हाताच्या टप्प्याबाहेर, पक्क्या गाठीने बांधावे, डोळ्यांच्या जागी मणी न लावता दोऱ्याचे टाके घालावेत, आणि बाळ पाचव्या महिन्यात आले किंवा हातांवर अंग उचलू लागले की ते उतरवून ठेवावे.

प्रश्न : मुलगा सहा महिन्यांचा होईल. त्याच्या पावलाचा ठसा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये घ्यायचा आहे. त्याच्या जावळाचे केस आणि पायातले पहिले वाळे रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक रसायनात) बसवून कायमचे ठेवावे, असाही विचार आहे. दोन्ही घरी करता येईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिले करता येईल, पण पाऊल प्लास्टरमध्ये बुडवून अजिबात नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापते, आणि जाड थरात अडकलेल्या कातडीला त्याने भाजते. ठसा शाडूच्या मातीत घ्यावा. गणपतीच्या मूर्तींमुळे ती आपल्याकडे सहज मिळते. माती कणकेइतकी मऊ मळून बोटभर जाडीची थापावी. मुलाला पोटभर पाजून, पेंगुळलेला असताना एकाने मांडीवर घ्यावे आणि दुसऱ्याने पाऊल टाचेकडून बोटांकडे दाबत न्यावे. बोटे आखडली तर माती पुन्हा थापून प्रयत्न करावा. पाय लगेच धुऊन टाकावा.

बाकीचे काम मूल दुसऱ्या खोलीत गेल्यावर करावे. ठशाभोवती पुठ्ठ्याची कड उभी करावी. एक वाटी पाण्यात दोन वाट्या प्लास्टर हळूहळू सोडावे, उलट केल्यास गुठळ्या होतात. ढवळून हवेचे बुडबुडे निघून गेले की ते ठशात ओतावे. अर्ध्या तासात ते घट्ट होते, पण माती दुसऱ्या दिवशी काढावी. भांड्यात उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये, नळीत घट्ट बसते. मीठ घालून मळलेल्या कणकेत ठसा घेण्याची पद्धत सध्या फार दाखवली जाते. त्या कणकेत मीठ इतके असते की तिचा तुकडा मुलाच्या पोटात गेला तर अपाय होऊ शकतो. शाडू असताना त्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

रेझिनचा विचार मुलगा मोठा होईपर्यंत बाजूला ठेवावा. ओल्या इपॉक्सी रेझिनची त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते, त्याच्या वाफा आणि घासतानाची धूळ श्वासात जाते, आणि ठाण्यातल्या बेताच्या खोल्यांत ते काम मुलापासून दूर करणे अवघड आहे. केस आणि वाळे कागदी पाकिटात कोरडे राहिले की वर्षानुवर्षे टिकतात.

प्रश्न : बाळंतपणानंतर क्रोशे पुन्हा सुरू केले. आता उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येते आणि बाळाला उचलताना जास्त दुखते. काम थांबवू का? — एक वाचिका, पुणे

उत्तर : सध्या थांबवावे. अंगठ्याचे स्नायुबंध मनगटाजवळ ज्या आवरणातून जातात ते सुजल्याने अशी कळ येते. डी कर्व्हेन या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये वर्णन केलेला हा विकार तान्ह्या बाळाच्या आयांमध्ये नेहमी दिसतो. त्याला बाळ उचलण्याची रीत जास्त कारणीभूत असते, क्रोशेची सुई त्यात भर घालते. अंगठे ताणून काखेत धरून उचलण्याऐवजी एक तळवा बाळाच्या कुल्ल्यांखाली आणि एक पाठीखाली घालून, कोपरांच्या जोराने उचलावे. तरी दुखणे राहिले तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे; अंगठ्याला आधार देणाऱ्या पट्टीने बऱ्याच जणींना आराम पडतो.

प्रश्न : मुलासाठी केलेल्या कापडी बाहुल्या, खुळखुळे आणि दुपटी पाहून ओळखीच्या बायका मागणी करू लागल्या आहेत. मुलगा दहा महिन्यांचा आहे. घरबसल्या विक्री सुरू करावी का? किंमत कशी ठरवावी? — एक वाचिका, सांगली

उत्तर : दुपटी, चौघड्या, झबली यांची विक्री सुरू करायला हरकत नाही. बाहुल्या आणि खुळखुळ्यांच्या बाबतीत मात्र कायदा पाहावा लागतो. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट दिलेली आहे. तेव्हा खेळणी विकायचीच असतील तर आधी त्या कार्यालयाच्या कारागीर ओळखपत्रासाठी अर्ज करावा. सूट मिळाली म्हणून शिवणीतली जबाबदारी कमी होत नाही: खुळखुळ्यातला घुंगरू सुटून घशात अडकू नये यासाठी तो आधी लहान पिशवीत शिवून, ती पिशवी दुहेरी टिपेने आत बंद करावी, आणि स्वतः जोर लावून ओढून पाहिल्याशिवाय एकही नग देऊ नये. सरकीचा कापूस भरला तर दर धुण्यानंतर तो कडकडीत उन्हात वाळवावा लागेल, ही सूचना चिठ्ठीवर लिहून द्यावी.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, त्यासाठी कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. मोठ्या ऑनलाइन संकेतस्थळांवरून विकायचे असल्यास नियम वेगळे आहेत, ते आधी करसल्लागाराला विचारावेत.

किमतीच्या बाबतीत घरगुती विक्री बहुतेक वेळा फसते, कारण कापड-दोऱ्याचा खर्च जोडला जातो आणि हाताचे तास सोडून दिले जातात. ११० बाय ९० सेंटिमीटरची चौघडी घ्या. दोन सेंटिमीटर अंतराने ४५ ओळी, प्रत्येक ओळ एक मीटर दहा सेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ ५० मीटर शिवण. टाका आणि मधली जागा मिळून एक सेंटिमीटर धरला तरी हे पाच हजार टाके होतात. एक मीटर शिवायला आपल्याला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे, त्याला पन्नासने गुणावे आणि सांगलीत शिवणकामाला तासाला जी मजुरी मिळते ती लावावी. येणारा आकडा ओळखीच्या बायकांना सांगायला संकोच वाटेल. तरी तोच सांगावा. तेवढे द्यायला कोणी तयार नसेल तर मशीनवर टिपा मारलेली, कमी किमतीची दुपटी विकावीत आणि हातची चौघडी मुलासाठी ठेवावी.

मुलगा आता चालायला लागेल आणि दुपारची झोप कमी होत जाईल, म्हणून तारीख देऊन मागणी स्वीकारू नये. तयार झालेला नग दाखवावा आणि विकावा, एवढेच पहिल्या वर्षी पुरे.